चौथ्या भागातला माणूस

कात्रज, पुणे
६ ऑगस्ट २०२४

चि. दीपाली हीस,
अ. उ. आ. आणि जय भीम.

तू वारज्याला, मी कात्रजला, आणि आपलं पत्र मात्र तीन दिवस पुणं पाहत फिरतं. पण कान गेल्यापासून फोनचा मला उपयोग नाही, आणि मोबाईलवर काही लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळी होतेस. म्हणून हा कागद.

तू लिहितेस त्या ‘माग’ मालिकेचा दुसरा सीझन मी रोज दुपारी पाहते. शेजारच्या श्रद्धाने टीव्हीवर खाली अक्षरं येतील अशी सोय करून दिली आहे. तुझे दोघे खाजगी गुप्तहेर, तात्याराव आणि रतन, मला पसंत आहेत. फक्त सदाशिव पेठेत त्यांना गाडी लावायला दर वेळी दारासमोर जागा मिळते, हे कोणी खरं मानणार नाही. खुनाचं एक वेळ मानतील.

या खेपेला सगळा सीझन घरातून निघून गेलेल्या एका नवऱ्याच्या शोधाचा आहे, हे मला आधी सांगायला हवं होतंस. तुझे काका सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये घरातून निघून गेले, हे तुला काही नवीन नाही. तरी पाहिलं. चौथ्या भागात तो माणूस स्वारगेटच्या बाकावर बसतो, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतो आणि शेजारच्या लहान मुलीला विचारतो, काय साहेब, शाळा काय म्हणते? मुलींना साहेब म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्याशी लग्न केलं.

तो भाग मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा त्या नटाचा चेहरा मला दिसेनासा झाला. आता टीव्ही बंद असला तरी काचेत कोणीतरी बसल्यासारखं वाटतं, म्हणून वर टॉवेल टाकून ठेवला आहे. हे सगळं कुठून आणलंस, ते कळव.

प्रकृती सांभाळ. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
कांतामावशी

---

वारजे, पुणे
११ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून फार अपराधी वाटलं. काकांची ती सवय मी घेतली, हे खरं आहे. मलाही ते साहेबच म्हणायचे. तुला विचारायला हवं होतं. बाकीचं सगळं कल्पनेतलं आहे. आम्ही चारजण एका खोलीत बसतो, चहा पितो आणि सुचेल ते फळ्यावर लिहितो. कुणाचं काय हे नंतर आमचं आम्हालाही आठवत नाही.

पार्किंगची तक्रार दिग्दर्शकाला वाचून दाखवली. तो म्हणाला, मावशींना लेखनाच्या खोलीत घ्या.

शेवटचा भाग अजून लिहायचा आहे, त्यामुळे डोकं ठिकाणावर नाही. टीव्हीवरचा टॉवेल काढ गं. मालिकाच आहे ती.

माझ्यावर रागावू नकोस, एवढं मागते.

तुझी,
दीपाली

---

कात्रज
१६ ऑगस्ट २०२४

चि. दीपालीस,
अ. उ. आ.

चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. गृहपाठ कोणी स्वतः केला आणि कोणी पाहून उतरवला, हे मला अक्षरावरून कळतं.

तुझ्या त्या माणसाचा चष्मा काळ्या जाड फ्रेमचा आहे. डाव्या काडीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. तुझे काका घरातून गेले तेव्हा त्यांचा चष्मा सोनेरी तारेचा होता. काळा चष्मा त्यांनी या घरात कधी घातला नाही, तेव्हा तो तुला इथे दिसलेला नाही. आणि त्या मुलीच्या अंगावर हिरवा फ्रॉक आहे, खिशावर पिवळं बदक. तुझ्या फ्रॉकवरचं ते बदक मी भरलं होतं.

काल स्वारगेटला जाऊन आले. सगळं बदललंय, एक बाक ओळखीचा नाही. तरी तासभर बसले. दर वेळी शेजारी कोणी टेकलं की मान वळवायची भीती वाटत होती.

तू त्यांना पाहिलं आहेस. कधी, ते लिही. मी रागावणार नाही असं म्हणत नाही. पण लिही.

मावशी

---

वारजे
२१ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
सप्रेम जय भीम.

चार कागद फाडले. हा पाचवा.

मी नऊ वर्षांची होते. सत्त्याण्णवचा सप्टेंबर. आई आणि मी साताऱ्याहून स्वारगेटला उतरलो. मला बाकावर, सामानापाशी बसवून आई पुढच्या बसची चौकशी करायला गेली. शेजारी काका होते. मला ते आधी ओळखूच आले नाहीत, इतके वाळले होते. मग ते म्हणाले, काय साहेब? मी त्यांना विचारलं की तुम्ही हरवलात ना? ते हसले आणि म्हणाले, हरवलो होतो, आता सापडत आलोय. चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र दिनाला, मी स्वतः घरी जाणार आहे. तोवर मावशीला सांगायचं नाही. त्यांनी माझा हात हातात घेऊन वचन घेतलं. आई परत आली तेव्हा बाकावर कोणी नव्हतं.

मी वहीत दिवस खोडत गेले. चौदा तारखेला रडून आईला तुझ्याकडे यायला लावलं. घरात तू एकटीच होतीस. मला वाटलं, मी मनात सारखं घोकत राहिले, तेवढ्यानं वचन मोडलं आणि म्हणून ते आले नाहीत. पुढे कळत्या वयात समजलं की मी त्याच दिवशी बोलले असते तर तुम्ही सगळे स्वारगेटला शोधायला गेला असता. मग दर वर्षी सांगायचं ठरवायचे. जितकी वर्षं जात, तितकं अवघड होई. अजूनही मी स्वारगेटच्या आधी उतरते आणि चालत पुढे जाते.

शेवटी ते त्या मालिकेत घातलं. तुला कळावं असं वाटत होतं आणि कळू नये असंही. आता चॅनेलवाले म्हणतात, तो माणूस सापडलाच पाहिजे, लोकांना गोड शेवट हवा. माझा हात चालत नाही.

मावशी, मी तुझा माणूस तुझ्यापासून लपवला. क्षमा कर, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

दीपाली

---

कात्रज
२ सप्टेंबर २०२४

चि. दीपाली हीस,
अनेक आशीर्वाद, आणि जय भीम.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी एका ठिकाणी जाऊन यायचं होतं.

तू माझ्यापासून काही लपवलं नाहीस, बाळा. त्या काळ्या चष्म्याबद्दल मी तुला जाब विचारला, पण तो मला कसा ठाऊक, हे तू विचारलं नाहीस. मीही तो पाहिला होता. चौदा ऑक्टोबरला, दुपारी. ते आले होते.

सात महिने मी पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ओळख पटवायला म्हणून तीन परक्या माणसांची प्रेतं पाहून आले होते. आणि हे दारात उभे राहिले, दाढी करून, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, आणि म्हणाले, कांता, चहा टाक. तू कशी आहेस, एवढंसुद्धा नाही. मी दार लावून घेतलं. त्यांनी कडी वाजवली, हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशी. बराच वेळ वाजवली. मग थांबली. मी दुसऱ्या दिवशी उघडणार होते गं. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, आणि पुढेही कधी नाही. त्या चौदा तारखेच्या संध्याकाळी तू आलीस आणि न्हाणीघरापर्यंत डोकावून आलीस. पोर काय शोधतेय, असा प्रश्न मला पडला होता, पण तो विचारायचं धाडस झालं नाही. कान गेले तेव्हा वाटलं होतं, सुटले. पण ती कडी बाहेरून वाजतच नव्हती.

रविवारी हडपसरला रंगराव भाऊजींकडे गेले. काकांचे हे थोरले भाऊ आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. बेवारस सापडलेल्या माणसांच्या बातम्या अजून कापून ठेवतात. मी त्यांना सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. वाटलं, घराबाहेर काढतील. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत तो होता.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. दोघांचे वडील गेले तेव्हा काका दवाखान्यात वेळेवर पोचले नाहीत, म्हणून भाऊजी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले होते की आजपासून तू मला मेलास. त्यानंतर चौथ्या दिवशी काका घरातून गेले. भाऊजींनी सत्तावीस वर्षं धरून ठेवलं होतं की दशरथनं, म्हणजे तुझ्या काकांनी, त्याच दिवशी कालव्यात उडी घेतली, आपल्या शब्दामुळे. कालव्याच्या रस्त्यानं ते तेव्हापासून गेलेले नाहीत.

त्यांनी लिहून विचारलं, वाळला होता का? मी म्हटलं, हो. शर्ट कुठला होता? दाढी केली होती ना? मला सगळं आठवत होतं. ते रडले, आणि लिहिलं, पुन्हा सांग.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. तुझा बाक, तुझा धरलेला हात, मग आमचं दार, पांढरा शर्ट, कांता, चहा टाक. पुढे बोलणार, तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. तिथवरच पुरे, असं त्यांचे ओठ म्हणाले.

माया आहे, तिला अंतर देऊ नकोस.

तुझीच,
कांतामावशी