भिवपुरीचा दगडी पाला

भिवपुरी
दि. २० सप्टेंबर २०२४

चि. मेघा हिस भीमाबाईचा सप्रेम जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते, तेव्हा पत्रच बरं. सोबत दगडी पाला पाठवते हाय. पावसात वाळत नव्हता, म्हणून सुपात घालून चुलीजवळ ठेवला. आता ओला असल्याची तक्रार करू नको.

रत्नदीप अपघातात गेला आणि तू पुढं शिकायला अमरावतीला गेलीस, तवा भावकी म्हनाली की सासू-सुनेचं नातं संपलं. मग तुझं पत्र आलं, की प्रयोगाला इथलाच पाला पायजे. मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाय.

शेजारच्या येसूबाईच्या पायाला जखम झालीय. तिला साखर हाय. माझा पाला कॉलेजात तपासतात हे ऐकून ती रोज लावून घ्यायला येते. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हनते, भीमाबाई असताना कशाला. तुझ्या प्रयोगात काय निघालं ते कळव, मंजे मलाबी धीर येईल.

विहारात वर्षावासाचं वाचन चालू हाय. मी जाऊन बसते. ऐकू येत नाय, पन मानसांत बसल्यासारखं वाटतं.

जेवत जा वेळेवर. माया असू दे.
तुझी आई,
भीमाबाई


अमरावती
दि. २६ सप्टेंबर २०२४

ती. आईंना मेघाचा सविनय जय भीम.

पार्सल मिळालं. या वेळी पाला कोरडा होता हो! मागच्या डब्याला बुरशी आली होती, तेव्हा सर म्हणाले होते, जंतू मारायला आणलेला पाला जंतूंनीच खाल्ला.

आता प्रयोगाचं. काचेच्या ताटलीतल्या जेलीवर आम्ही जंतू वाढवतो आणि जेलीत मधे भोक पाडून त्यात पाल्याचा अर्क भरतो. जंतू मेले, तर भोकाभोवती स्वच्छ गोल दिसतो. अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काभोवती असा गोल उमटला. नुसतं अल्कोहोल घालून पाहिलं, तर काही नाही. म्हणजे काम पाल्याचंच. मी आनंदाने ओरडले, सगळे बघायला लागले.

पण आई, तुम्ही वाटता तसा पाण्यातला अर्क घातला, तर काहीच दिसलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि ताटलीत जे होतं ते माणसाच्या पायावर होईलच, असंही नसतं. तुम्हाला वाईट वाटेल हे ठाऊक असून लिहिते आहे. येसूबाईंना पाला लावणं आजच थांबवा आणि दवाखान्यात न्या. साखरेच्या माणसाची जखम आतून सडते, वरून कळत नाही. पत्राला वेळ लागेल म्हणून त्यांच्या मुलाच्या, सखाच्या, फोनवरही निरोप धाडला आहे.

माझ्यावर रागवा, पण लोभ कमी करू नका.
आपली,
मेघा


भिवपुरी
दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. मेघा हिस आईचा जय भीम.

राग आला होता, खोटं कशाला लिहू. सखानं फोनवरचा निरोप दाखवला तवा मी त्याला म्हटलं, माझी आई हाच पाला लावायची, तुमी पोरं काल शिकली. मग येसूबाईच्या पायाचं फडकं सोडलं. बोटाला वास येत होता. दुसरं काय सुचलंच नाय, सखाच्या रिक्षात घालून आमी तिला कर्जतला नेली.

एक बोट काढावं लागलं. पाय वाचला. आनखी उशीर झाला असता तर पायबी गेला असता, असं डॉक्टरीनबाई म्हनाल्या. कुनी पाला लावला हे त्यांनी विचारलं. मी पुढं होऊन सांगितलं. त्या ओरडल्या, मी ऐकून घेतलं. येसूबाईनं मात्र माझा हात सोडला नाय.

आता कुनी कापलं-खरचटलं म्हनून आलं तर मी दवाखान्याची वाट दाखवते. त्यामुळं दार वाजत नाय. पयले दिवसाकाठी कुनी ना कुनी यायचं, पाल्याच्या निमित्तानं घडीभर बसायचं. आता दुपार लांबलचक वाटते.

तुझा प्रयोग संपला असंल. मंजे आता पाला नको. सवयीनं मी काल पुन्हा तोडून आनला. तो कुठं टाकू, तेवढं कळव.
आई


अमरावती
दि. १६ ऑक्टोबर २०२४

ती. आई, जय भीम.

तुमचं पत्र वाचून वर्गात गेलेच नाही.

आई, दगडी पाला आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीलगत उगवतो. हॉस्टेलच्या वाटेवर तर चपलेखाली येतो. सरांनी विचारलं होतं, कर्जतहून कशाला मागवतेस. जागा बदलली की पाल्याचा गुण बदलतो, म्हटलं. ते खरं आहे, पण मागवलं ते त्यासाठी नाही. तुमच्या अक्षरातला पत्ता असलेला डबा आला, की तो आठवडा मला बरा जायचा.

इथे सगळ्यांना घरून फोन येतात. माहेरचे विचारतात, नवरा नाही, मूल नाही, मग त्या बाईंची तू कोण? रत्नदीप गेल्यावर पुण्यानुमोदनाला आपण दोघी माणसांना चहा देत राहिलो आणि नंतर मी निघून आले. तुमच्याजवळ बसून रडायचं राहूनच गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं होतं. मी आले तर चालेल का? लोकांचं बोलणं तुम्हाला सोसावं लागणार असेल, तर स्पष्ट कळवा.
तुमचीच,
मेघा


भिवपुरी
दि. २३ ऑक्टोबर २०२४

चि. मेघा,

अगं, हा पाला रुळाच्या कडेनं मैलोन्‌मैल पसरलेला असतो, हे मला ठाऊक नसंल का? पयल्याच पत्राला वळखलं होतं. पोरगी पाला मागतेय, पन तिला दुसरंच काय तरी पायजे. बोलले नाय. बोलले तर तू मागायची बंद होशील, असं भ्या वाटलं.

चालेल का असं मला पुन्हा विचारू नको. लोक बोलतील, मंग दमतील.

कल्यानला गाडी बदल आनि भिवपुरीला उतर. कवाची गाडी ते सखाच्या फोनवर कळव, मी स्टेशनावर येते. जिन्यापाशी गावची मानसं असतात, तिथं मी उभी राहनार नाय. तुला बघून मला काय होईल याचा भरवसा नाय. फलाटाच्या पार टोकाला थांबते, तिथं कुनी नसतं. तिथवर चालत ये.

वाट बघते.
आई