चिंचेच्या रानापर्यंत

ला नूवेल, रेयुनियन बेट
३ मार्च २०२४

तीर्थरूप आईंना शिवांगीचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे! व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी बोलायलाच मिळत नाही. हृषिकेश मला टीव्हीवर लावतो, अन्वी मध्ये नाचते आणि तुम्ही सोफ्याच्या कडेला बसून नुसता हात हलवता. म्हणून हे पत्र. हे फक्त तुमचं.

कंपनीने सहा महिन्यांसाठी बेटावर पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं, समुद्र, नारळ, बस. इथे तर चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये ही दरी. आई, दरीत रस्ताच नाही! सोलरच्या बॅटऱ्या हेलिकॉप्टरला लटकून आल्या आणि त्या बसवणारी इंजिनियर, म्हणजे तुमची सून, दोन तास चालत. पोस्टमनसुद्धा पाठीवर पोतडी घेऊन चालत येतो, हे पत्रही त्याच्याच पाठीवरून वर जाईल.

वाटेत एक मोठं रान लागतं. त्याला चिंचेचं रान म्हणतात, पण चिंच औषधालाही नाही. वेडीवाकडी, शेवाळ चढलेली झाडं आणि दहा वाजले की त्यांच्यातून ढग चालत येतात. तिथली शांतता तुम्हाला कशी सांगू? आपल्या जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्येही शांतता आहे, पण ती सगळ्यांनी मिळून राखायची असते. रविवारी मिक्सर लावायचा तर माझ्या छातीत धडधडतं. इथे ती कोणी राखत नाही. काल मी एकटीच घसा ताणून गात खाली आले आणि मग गप्प झाले, तर ती पुन्हा होती तिथे हजर.

आई, तुम्ही या. मेच्या शेवटी अन्वीला सुट्टी आहे, तेव्हा घर तुमच्यावाचून चालेल. आणि दरीत चालत उतरायचं बरं का, हेलिकॉप्टरने नाही. हृषिकेशला इतक्यात सांगू नका.

आहे ती माया अशीच राहू द्या.

आपली,
शिवांगी

•

बॉबलिंगेन
२० मार्च २०२४

चि. सौ. शिवांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र बाथरूममध्ये कडी लावून वाचलं, तेही तीनदा. सासूला असली पत्रं लिहितेस, काय म्हणावं तुला!

तुला ठाऊक आहेच, गेल्या जानेवारीत बर्फावर घसरले तेव्हापासून तुझ्या नवऱ्याने मला काचेच्या बरणीत ठेवलंय. शनिवारी त्याचा हात धरून तळ्यापर्यंत जायचं आणि परत. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून अख्ख्या पुण्याची बोलणी जोडून दिली मी, आणि आता दिवसभर फ्रिजचा आवाज ऐकते. तुझं पत्र वाचलं आणि माझं मन थाऱ्यावर राहीना.

तर ऐक. खालच्या फ्राऊ केसलर आठवतात ना, रविवारी मी खलबत्त्यात वेलची कुटली म्हणून वर आल्या होत्या त्या? मी शंकरपाळ्यांची बशी घेऊन त्यांच्या दारात गेले. दुभाषी अन्वी. मी मराठीत सांगायचं, तिने जर्मनमध्ये. त्या दर मंगळवारी म्हाताऱ्यांच्या गटाबरोबर रानात चालायला जातात. मी विचारलं, मला न्याल का? त्या म्हणाल्या, बूट आहेत का? मग तुझे बूट काढले कपाटातून. दोन मोजे घातले की अगदी मापात बसतात.

पहिल्या मंगळवारी चार किलोमीटर झाले! काल सात! मी काठ्या टेकत मधोमध चालते आणि कोणी काही बोललं की गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणते, एवढ्यावर सगळं भागतं. गटातले सर्वांत मोठे आजोबा एक्क्याऐंशीचे आहेत. चढ आला की सगळे आपोआप गप्प होतात आणि नुसते पाय वाजतात. शिवांगी, मला भूक लागायला लागलीय गं! तुझे सासरे गेल्यापासून मी जेवत होते ते वेळ झाली म्हणून.

मी येणार. हृषीला कसं सांगायचं ते मात्र तू बघ.

घाटात जपून चाल. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, थोडा वाढलाय.

तुझी,
आई

•

बॉबलिंगेन
७ एप्रिल २०२४

प्रिय शिवांगी,

फोनवर आपण भांडू, म्हणून लिहितोय.

मंगळवारी मी लवकर घरी आलो. आई नव्हती, फोन टेबलावर पडलेला. अन्वीला विचारलं, तर तिने वहीतून मान वर न करता जर्मनमध्ये सांगितलं की आजी रानात गेलीय, दर मंगळवारी जाते. मी गाडी काढून कुठे कुठे फिरलो ते माझं मला माहीत. तासाभराने आई फ्राऊ केसलरबरोबर हसत जिना चढून आली, गाल लालबुंद. मग बेटाचंही कळलं.

तू तिला भरीला घातलंस याचा मला राग आहे. बाबांचं काय झालं ते तुला माहीत आहे. सिंहगडाच्या अर्ध्या वाटेवर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बरोबरचे दिनकरकाका म्हणाले, परत फिरू. बाबा म्हणाले, इतकं आलोय तर वर जाऊनच ताक पिऊ. वर पोचले, बसले, ते उठलेच नाहीत. मी इथे मीटिंगमध्ये होतो. आई त्यांच्याहून हट्टी आहे. एकदा निघाली की ती गाव गाठल्याशिवाय थांबणार नाही, गुडघा मोडला तरी. तसा फोन मला पुन्हा घ्यायचा नाही.

तुझी खूप आठवण येते, हेही खरं.

तुझा,
हृषिकेश

•

बॉबलिंगेन, तुझ्या शेजारची खोली
१६ एप्रिल २०२४

चि. हृषिकेशला आशीर्वाद.

आठ दिवस तू माझ्याशी फक्त जेवायला बस एवढंच बोलतोस, म्हणून हे दाराखालून सरकवतेय. हसू नकोस.

तुझी भीती मला कळते. ती माझ्याही पोटात आहे. पण राजा, मला जपतोस की नुसतं ठेवून देतोस, हे एकदा स्वतःला विचार. मी अडुसष्ट वर्षांची आहे. डॉक्टरीणबाईंकडे फ्राऊ केसलरना घेऊन जाऊन आले. हृदय उत्तम, उजवा गुडघा बरा, काठ्या वापरा असं त्यांनी लिहून दिलंय. कागद फ्रिजवर लावलाय. मला त्या दरीत चालायचं आहे. कोणत्याही गोष्टीची इतकी ओढ मला गेल्या दोन वर्षांत लागली नव्हती.

तिकीट काढणार असलास तर खिडकीजवळचं काढ. नाही काढलंस तरी उद्या नाश्त्याला थालीपीठ आहे, रुसू नकोस.

तुझी,
आई

•

रेयुनियन बेट
२७ मे २०२४

चि. हृषिकेशला आणि माझ्या दुभाषीला खूप खूप आशीर्वाद.

खिडकी मिळाली! पॅरिसला तू सांगून ठेवलेली व्हीलचेअरही आली. मी तिच्यावर पिशवी ठेवली आणि शेजारून चालत गेले. ढकलणारा मुलगा फार हसला.

काल आम्ही दरीत निघालो. सहाला गाडी सोडली तेव्हा खाली नुसते ढग होते, आणि ते फाटले तेव्हा मी शिवांगीचा दंड इतका आवळला की तिला वळ उठला. अरे, काय ते हिरवे कडे! लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या, दोन्हीकडे नेचे माझ्या डोक्याहून उंच. मी लहान मुलीसारखी दर वळणावर पुढे काय आहे ते विचारत होते. शिवांगी म्हणाली, आई, श्वास घ्या.

चिंचेच्या रानात पोचलो आणि मी एका आडव्या खोडावर बसले. कानात काहीच नव्हतं. फोन नाही, घंटा नाही, कोणाचं बोलणं जोडून द्यायचं नाही. आपण आवाज केला तर काय होईल ही धास्तीही नाही. मग मी रडले, हृषी. मोठ्याने, हुंदके देऊन. बाबा गेल्यावर पुण्यात माणसं होती आणि तुझ्याकडे शेजारी होते, म्हणून राहून गेलं होतं. शिवांगी जरा लांब जाऊन उभी राहिली. गुणी पोर आहे.

गाव तिथून तासाभरावर. तिथल्या एका बाईंनी माझ्यासाठी भात आणि घेवड्याची उसळ करून ठेवली होती, आणि शिवांगीला तिने बसवलेल्या बॅटऱ्या दाखवायच्या होत्या. मी उठले आणि दहा पावलं टाकली. उजव्या गुडघ्याने सांगितलं की गावापर्यंत उतरायला तो येईल, तिथून परत चढायला नाही. हेलिकॉप्टरचा नंबर शिवांगीच्या खिशात होता, हे मला ठाऊक होतं.

खाली गावाकडे जाणारी वाट इतकी सुंदर दिसत होती. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. गाव न बघता जायचं! मी पाच मिनिटं तिथे काठ्यांवर रेलून उभी राहिले, आणि मग तिला म्हणाले, चल, मागे.

चढायला दोन तास लागले. थांबत थांबत, पण माझ्या पायांनी आले. त्या बाईंनी डबा पोस्टमनबरोबर वर पाठवला. आज मी आणि शिवांगी तोच जेवलो.

आता मंगळवारी दुपारी ऑफिसातून फोन करून घाबरत जाऊ नकोस. तुझ्या बाबांना जमलं नाही ते मी काल केलं. बाळा, मला परत फिरता येतं.

अन्वीचा पापा घे. दोघांनी असाच जीव लावत राहा.

तुझी,
आई