निखाऱ्याने जाळलेली साखर

आसुन्सियोन, मंगळवार

गुणी निमियाला ताईकडून गालाची पापी.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. इथे इस्पितळात जेवण बरं मिळतं.

मनगटाच्या मुंग्या जाव्यात म्हणून ऑपरेशन केलं, पण टाके चिघळलेत. "रक्तातली साखर उतरेपर्यंत थांबा, घाई नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मीच हटून बसले, "साखरेला शिवतही नाही मी!" चहासाठी आपण निखाऱ्याने साखर जाळतो ना, मला वाटायचं, जळाली म्हणजे संपली.

काल ते ओरडले, "अहो बाई, जळते ती वरची! उरलेली तुमच्या रक्तात!"

उद्या उजव्या हाताचा अंगठा काढणार आहेत. चौकटीवर ताणलेली माझी अर्धी विणलेली लेस तूच पुरी कर.

आईच्या टाचेची जखम महिनाभर भरत नाही म्हणतेस. तिच्या चहासाठी साखर जाळू नकोस गं.

तुझी ताई,
एवारिस्ता