हातोडे थांबवू नयेत

मी, हेस्टर मॅगोवन, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, धंदा लिननच्या कापडाची कुंदी, म्हणजे हातोड्यांनी ठोकून कापडाला चकाकी आणणं, राहणार नॉकबारा, काउंटी डाउन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. कान मात्र ठिकाणावर नाहीत. लाकडी हातोड्यांच्या धडधडाटात जन्म काढला की ते जायचेच. डॉक्टर ग्रेसी यांनी माझ्या डोक्याबद्दल दाखला दिला आहे. पुढे कोणी "म्हातारीला चळ लागला होता" म्हणू लागलं, तर तो त्याच्या नाकासमोर धरावा. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात पुतण्याचं नाव होतं.

१. वडिलांकडून मला आलेली कुंदीची गिरणी, तिची पाणचक्की, बीच झाडाच्या लाकडाचे सगळे हातोडे आणि वंगणाच्या चरबीचं पिंप मी डर्व्हला मॅकल हिला देते. ती शाळा सोडल्यापासून माझ्याजवळ काम करते आहे.

हे असं का, ते लिहून ठेवणं भाग आहे, कारण ट्रेव्हर विचारणार. ट्रेव्हर म्हणजे माझा भाऊ सेसिल याचा मुलगा. त्याचं बेलफास्टात कापडाचं दुकान आहे. सेसिलला पुरून आल्यावर चर्चच्या दालनात चहा होता. ट्रेव्हर पार पलीकडच्या टेबलाशी बायकोच्या, लोर्नाच्या, कानाला लागला होता. "आत्या गेली की हातोडे भंगारात. नदीकाठची जागा आहे, सुट्टीला येणाऱ्यांसाठी खोल्या काढू."

लोर्ना म्हणाली, "आणि ती डर्व्हला?"

"तिला नारळ देऊ. तशीही ती आपल्यातली नाही."

आता, गिरणीत कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही. आम्ही एकमेकींचे ओठ वाचतो. ट्रेव्हर दुकानात वाढला, त्यामुळे हे विसरला. पाठ फिरवून ओरडला असता तर मला एक अक्षर कळलं नसतं. तोंड माझ्याकडे करून कुजबुजला आणि फसला. मी सँडविचची बशी घेऊन त्याच्यापाशी गेले. तो म्हणाला, "आत्या, किती गं करतेस आमच्यासाठी."

मी म्हटलं, "अजून कुठे केलंय? करणार आहे."

तेच हे. आणि "आपल्यातली नाही" म्हणाल, तर डर्व्हला दुसऱ्या चर्चला जाते हे मला ठाऊक आहे. ती रविवारी कुठे गुडघे टेकते, त्याने कापडाच्या चकाकीत फरक पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

२. कापडावर मारायचा मॅगोवन नावाचा शिक्का गिरणीसोबत जाईल. ट्रेव्हर बाहेरून आणलेल्या, खळ चढवलेल्या कापडाला आमच्या नावाची फीत शिवतो. मी बोलले तर म्हणाला, "गिऱ्हाइकाला काय कळतंय, आत्या?" पहिल्या धुण्यात कळतं. यापुढे त्याने आडनाव फक्त स्वतःच्या सहीपुरतं वापरावं.

३. घरही डर्व्हलाचं. बँकेत जे काही असेल ते पाणचक्कीच्या दुरुस्तीला लावावं, माझ्या थडग्याच्या दगडावर उधळू नये. मांजर कोणाचंच नाही, ते हवं तिथे राहील.

४. चहाचे कप लोर्नाला. ती दर भेटीत ते उलटे करून बुडावरचं कारखान्याचं नाव वाचते. एकदा तर त्यात चहा होता.

५. अंत्यविधी. गिरणीचा मालक गेला की माती होईपर्यंत हातोडे बंद ठेवायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. वडील गेले तेव्हा आम्ही ती पाळली. हातोड्यांखालच्या लाकडी रुळावर गुंडाळलेलं ओलं कापड तसंच राहिलं, टेकलेल्या हातोड्यांचे त्यावर वळ उठले ते कायमचे. मेजपोशाचं उत्तम कापड होतं ते. त्याची फडकी झाली. अजून भांडी पुसताना मला वडिलांचा अंत्यविधी आठवतो आणि रडूही येतं, रागही येतो. वडिलांनाही आला असता.

म्हणून माझ्या वेळी हातोडे थांबवू नयेत. डर्व्हलाने चर्चला येऊ नये, रुळापाशी उभं राहावं. गिरणीशेजारच्या चर्चची जमीन हादरून प्रार्थनेत व्यत्यय आला, तर पाद्रीबुवांनी आवाज चढवावा. मला तो हादरा खालून लागेल, तेवढं पुरे.

६. पुतण्या ट्रेव्हर याला मी लिननचा एक हातरुमाल देते. कुंदी माझ्या हातची आहे. पुढच्या वेळी कुजबुजताना तोंडापुढे धरावा.

७. हे कलम सही करण्याआधी वाढवत आहे. डर्व्हलाला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. नको म्हणेल, अशी मला भीती होती, आणि ती नको म्हणाली तर सगळंच मुसळ केरात. पण आत्ता साक्षीदारांना हे मोठ्याने वाचून दाखवताना मी गिरणीच्या माडीवर, खालचं काम दिसतं त्या काचेकडे तोंड करून बसले, आणि ती खाली हातोड्यांपाशी होती. तिने सगळं वाचलं. मग डोळे पुसले आणि ओठांनीच बोलली:

"पाहुण्यांना म्हणावं, उतरताना दार नीट लावा. कापडावर धूळ येते."

हे मालकिणीचं बोलणं झालं. सही करते.

हेस्टर मॅगोवन
नॉकबारा, दि. १४ मार्च २०२३

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली. दार लावलं आहे.
साक्षीदार: डॉ. रॉनल्ड ग्रेसी
साक्षीदार: ऑलिव्ह टॉगर्ट, निवृत्त पोस्टमास्तर