सरोजिनी यंदा येणार नाही

पुणे, १२ जुलै २०१४

चि. सरोजिनीस अनेक आशीर्वाद.

तू बँकेतून निवृत्त झालीस, आता कायमची येशील म्हणून आम्ही खोली रंगवून घेतली. आणि काल तुझा क्षितिज फोनवर सांगतो, आईला युनिव्हर्सिटीत इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला! छप्पन्नाव्या वर्षी? पोराच्याच कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसणार का? आईचं कमरेचं हाड मोडल्यापासून तुझी वहिनी घराला जखडली आहे, हे विसरलीस? प्रवेश रद्द कर आणि ये.

आशीर्वादाबरोबर रागही धाडणारा,
हेमचंद्र

बुकित पंजांग, सिंगापूर, २२ जुलै २०१४

ती. दादास सा. न.

रद्द करणार नाही. कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसेनच. क्षितिज लाजत नाही, उलट इथल्या ढंगात ‘गो ला, आई’, म्हणजे जाच गं, म्हणतो. इथले जुने रस्ते बांधणाऱ्यांत मुंबईहून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदीही होते. वीस वर्षं मी त्या रस्त्यांवरून बसने ऑफिसला गेले. ती माणसं कोण होती, ते आता मला शोधायचंय.

नीतावहिनीबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. दिवसभराची बाई ठेव, पगार मी देईन. सुट्टीत आईपाशी मी राहीन, तुम्ही दोघं कुठंतरी फिरून या. बाकीचे दिवस मात्र माझे.

राग ओसरेपर्यंतही लोभ असू द्यावा.
सरोजिनी

पुणे, ९ ऑगस्ट २०१४

चि. सरूस आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही बहीणभावांनी माझी वाटणी केलीत, मला विचारलं कोणी? तुझं पत्र हेमूनं लपवलं नाही, एवढं त्याचं चांगलं. बाई मीच ठरवली. मीनल नाव, बडबडी आहे, पण हात हलका. नीता सोमवारपासून पुन्हा शाळेत शिकवायला जाते. हेमू दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी स्वतः कुकर लावला. भात कच्चा होता. मी दोनदा मागून घेतला.

तू शीक. नापास झालीस तर पुन्हा बस, पण अर्ध्यावर सोडून माझ्या उशाशी येशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. उद्यापासून मी वॉकर घेऊन फाटकापर्यंत जाणार आहे. डॉक्टरांना विचारलेलं नाही.

तुझी,
आई