मामांचा घाम

१० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोदामाचं छप्पर पंधरा दिवसांत संपवायचंय. पत्रे इतके तापतात की हातमोज्यातूनही चटका बसतो. तू तिथे वॉर्डात पंख्याखाली सुया टोच, आम्ही इथे भाजून निघतो.

आपले मामा दोन दिवस कुरकुरतायत. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणे, डोकं दुखतं म्हणे. काल साध्या बोलण्यावरून अंगावर आले. ज्यांनी वेल्डिंग शिकवलं त्यांचाच मुकादम होणं सोपं नाही. म्हातारपण, दुसरं काय.

तुझ्या रागासकट लोभ असू दे.
धाकटा

१३ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ते म्हातारपण नव्हे. अंगातलं पाणी कमी झालंय, चिडचिड त्यातलीच. लघवी गडद होते का, लाज सोडून विचार. जीभ कोरडी आहे का बघ. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घाल, सावलीत बसवून घोट घोट पाज. त्या दिवशी पुन्हा वर चढवू नकोस.

आणि हे नीट वाच. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, घाम थांबला, तर तोंडात पाणी ओतायचं नाही. अंग ओलं कर, वारा घाल, थेट दवाखाना गाठ.

पाणी खाली ठेवता, असं मामी सांगत होत्या. उतरायचा कंटाळा म्हणून माणसं पीत नाहीत. वर ठेव.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न.

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. मामांना तू सांगितलंस तसं पाणी दिलं. तासाभरात हसायला लागले, तुझ्या डॉक्टरकीची थट्टाही केली. दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येणार होते आणि एकच कोपरा राहिला होता. मी त्याच दुपारी चढा म्हणालो. ते म्हणाले, मुकादम सांगेल तसं.

थोड्या वेळाने वरून मला ओरडले, शाळेची वेळ झाली, दप्तर घे. सगळे हसले. मीही हसलो. खाली आणलं तेव्हा अंग भट्टीसारखं, आणि कोरडं ठणठणीत. घाबरून मी तोंडात पाणी ओतलं. ठसका लागला तो थांबलाच नाही. दवाखान्याच्या दारात गेले.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं, ताई.

धाकटा

२ जून

धाकट्या,

मामी येऊन गेल्या. कंपनीच्या कागदावर ‘वयोमानामुळे हृदय बंद पडले’ असं लिहिलंय, खाली साक्षीदार म्हणून तुझी सही. मी म्हटलं, खोटी असेल. मामी म्हणाल्या, त्याचीच आहे, ते अक्षर ह्यांनीच त्याच्याकडून घटवून घेतलं होतं.

घाबरून पाणी ओतलंस, ती चूक. शिकलेल्या नर्सांकडूनही झालेली मी पाहिलीय. सही करताना तू घाबरलेला नव्हतास, खुर्चीवर बसला होतास.

तुझं १९ तारखेचं पत्र मी कामगार अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. ते बोलावतील तेव्हा मला लिहिलंस तेच सांग.

लोभ मामींवर ठेव. मला वेळ लागेल.

ताई