सासऱ्यांची डीव्हीडी

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. सकाळी ११.
शस्त्रपूजा झाली. विळी, स्क्रूड्रायव्हर, मिक्सर, लॅपटॉप, डीव्हीडी प्लेयर. लोक डब्यावर वरवर कुंकू लावून मोकळे होतात. मी टेक्निकल माणूस. बँकेत पासबुक प्रिंटर अडला की टपली मारायला मलाच बोलवायचे. प्लेयरचं झाकण स्क्रू काढून उघडलं आणि आतल्या काचेच्या डोळ्याला, म्हणजे लेन्सलाच, बोटभर हळदकुंकू लावलं. कुंदा म्हणाली, अरे आत कशाला? कुंदाला मशीनमधलं कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.
बोरिवलीहून सासूबाईंचा फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. भाऊबीजेला देवदत्तबरोबर मुलुंडला येणार. (देवदत्त म्हणजे कुंदाचा भाऊ. कॉलेजात मराठी शिकवतो. टेक्निकल शून्य.) एकच मागणं, माझ्या आणि कुंदाच्या लग्नाची डीव्हीडी बघायची. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचं चालतंबोलतं तेवढं एकच उरलंय. म्हणाल्या, फोटोत हे बोलत नाहीत ना. कुंदाचे डोळे भरले. मी म्हटलं, आई, निश्चिंत राहा, डिपार्टमेंट माझं आहे.

७ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
डिस्क लावली. प्लेयर म्हणतो, ‘नो डिस्क’. अहो, आहे ना आत! लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. आमची स्वरदा म्हणाली, बाबा, मग लॅपटॉपच टीव्हीला जोड ना, विषय संपला. या मुलांना नुसते शॉर्टकट हवेत. प्लेयर असताना लॅपटॉप जोडणं म्हणजे हार मानणं. निदान झालेलं आहे: फॉरमॅटचा प्रॉब्लेम.

९ ऑक्टोबर.
दोन तास वाचन. डीव्हीडी मायनस आर वेगळी, प्लस आर वेगळी. पाल वेगळं, एनटीएससी वेगळं. डोकं गरगरलं, पण पकडलं. घाटकोपरला जाऊन दोन्ही जातीच्या कोऱ्या डिस्क आणल्या. दुकानदार म्हणाला, अंकल, अब ये कौन लेता है? म्हटलं, जाननेवाला लेता है.

१२ ऑक्टोबर, रविवार.
मायनस आर: नो डिस्क. प्लस आर: नो डिस्क. फायनलाइज करून: नो डिस्क. सहा कॉप्या, सहाही बाद. स्वरदा म्हणाली, लॅपटॉपवर लावून बघ तरी. काय उपयोग? लॅपटॉप खादाड आहे, काहीही खातो. सहाही डिस्क सुतळीत ओवून बाल्कनीत टांगल्या. चकाकल्या की कबुतरं येत नाहीत.

१३ ऑक्टोबर.
कबुतरं आली.

१५ ऑक्टोबर.
आता पेनड्राइव्ह. डिस्कवरून एमपीफोर फाइल बनवली, भरली, लावली. ‘अनसपोर्टेड’. नेटवर लिहिलंय, पेनड्राइव्ह एफएटी-थर्टीटूमध्ये फॉरमॅट करा. केला. झकास! प्लेयरने लगेच ओळखला. पण आता आत काहीच नाही. फाइल लॅपटॉपवरही नाही, कारण मी नेहमी कट-पेस्ट करतो, मशीन हलकं राहतं. हरकत नाही. ओरिजिनल आहे.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी.
ओरिजिनलला टूथपेस्ट लावून घासली. चरे जातात म्हणे. व्हिडिओतल्या माणसाची पेस्ट साधी पांढरी होती, आमच्याकडची मिठाची, दाणेदार. दाणेदार जास्त चांगली असणार.

१९ ऑक्टोबर.
ओरिजिनल आता लॅपटॉपवरही चालत नाही. वाट लागली.
कुंदाला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. चकलीचं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, अनंत, बाबांचा आवाज होता रे त्यात. जेवण गेलं नाही. लाज वाटते, इथे लिहायला हरकत नाही. तरी पेस्टच्या ट्यूबवर कुठेही लिहिलेलं नाही की डिस्कला लावू नये. दोनदा वाचली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज.
सासूबाई नवा चष्मा लावून थेट टीव्हीसमोर बसल्या. मी फॉरमॅट समजावायला घेतले. प्लस-मायनसपर्यंत आलो तर देवदत्तने विचारलं, प्लेयर शेवटचा कधी चालला होता? कुंदा म्हणाली, दसऱ्याच्या आधी. देवदत्त ओवाळून घेऊन पाटावरून उठला, माझ्याच स्क्रूड्रायव्हरने झाकण काढलं, आत बघितलं आणि चष्म्याचं फडकं फिरवलं. फडकं लाल. म्हणाला, या लेन्सला सौभाग्यवती कुणी केलं? कुंदाने नुसतं माझ्याकडे बघितलं.
स्वरदाने बाल्कनीतली एक डिस्क सोडवली, कबुतरांचा प्रसाद धुतला आणि लावली. चालली. बाकीच्या पाचही चालतात.
सासरे आले. फेटा, तोच खोकला. सासूबाईंनी हात जोडले. व्हिडिओवाला सासऱ्यांना विचारतो, जावई कसा वाटला? सासरे म्हणतात, एक नंबर. ज्यातलं कळत नाही त्यात हात घालत नाही.
सासूबाई इतक्या हसल्या की रडायला लागल्या. पुन्हा लावा म्हणाल्या. परत पुन्हा. चौथ्या वेळी कुंदासुद्धा हसली.
रिमोट देवदत्तकडे होता.